बोंडू आधी, गर मागाहून : कोकण-गोव्यातील काजूच्या हंगामाचा इतिहास

सुकामेवा म्हणून ओळखले जाणारे पदार्थ शहरी बाजारात बारमाही मिळत असल्यामुळे तेही शेतमालच आहेत, त्यांनाही मोहोर, पाड आणि सुगी असते, ही गोष्ट ग्राहकाच्या सहसा ध्यानात येत नाही. काजूच्या बाबतीत हे विस्मरण विशेष खटकणारे आहे. हे झाड पश्चिम किनाऱ्यावर येऊन चारशे वर्षांहून अधिक काळ लोटला असला, तरी त्यातील पहिल्या साडेतीनशे वर्षांचा इतिहास हा मुख्यतः आज दुकानात दिसणाऱ्या पांढऱ्या गराचा इतिहास नाही. तो तीन-चार महिने टिकणाऱ्या एका हंगामाचा, त्या हंगामात डोंगरावर पिकणाऱ्या रसाळ बोंडांचा, त्यांच्यापासून निघणाऱ्या पेयांचा आणि कवळ्या बियांच्या कालवणाचा इतिहास आहे. गराला दूरची बाजारपेठ मिळाली आणि त्याचा ऋतूशी असलेला संबंध सुटला. जे दूर नेता आले नाही, ते मात्र हंगामाला आणि गावाला बांधलेले राहिले. कोकण आणि गोव्यातील काजूचा विचार करताना या दोन वाटा वेगळ्या धरल्याशिवाय पुष्कळशा गोष्टींचा उलगडा होत नाही.

या विभागणीचे मूळ झाडाच्या रचनेतच आहे. ज्याला बोंडू किंवा बोंड म्हणतात ते लाल वा पिवळे, रसाने भरलेले फळ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळच नव्हे, तो फुगलेला देठ आहे. त्याच्या टोकाला लोंबणारी, मूत्रपिंडाच्या आकाराची राखाडी बी हेच खरे फळ होय. फलधारणा झाल्यावर आधी ही बी वाढू लागते आणि हिरवी असतानाच पूर्ण आकाराला येते, त्यानंतर ती थोडी आक्रसून कठीण होते आणि याच शेवटच्या टप्प्यात तिच्यामागचा देठ झपाट्याने फुगून बोंडू तयार होतो. म्हणजे एकाच झाडावर एका मागोमाग एक अशा दोन सुगी येतात : आधी ओल्या बीची, मग पिकल्या बोंडाची आणि त्याच्याबरोबर पडणाऱ्या सुक्या बीची. बीच्या दुहेरी कवचामध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ्या असतात आणि त्यांत दाहक तेल भरलेले असते. कातडीला लागल्यास ते फोड आणते, त्यामुळे आतला गर मिळवणे हे कौशल्याचे आणि जोखमीचे काम ठरते. बोंडू मात्र हातात घेऊन तसाच खाता येतो. त्यातील तुरट द्रव्यांमुळे घशाला खवखव होत असली तरी ती मिठाने बरीचशी कमी होते. ज्या समाजापुढे हे झाड प्रथम आले, त्याने बोंडाकडे आधी आणि बीकडे नंतर लक्ष द्यावे, हे या रचनेमुळे स्वाभाविकच होते.

झाडाचे मूळ स्थान ईशान्य ब्राझीलचा किनारा. तेथील तुपी भाषक लोकांच्या ‘अकाजू’ या नावावरून पोर्तुगिजांचा ‘काजू’ आला आणि तोच पुढे आपल्याकडे रुळला. १५५५-५६ मध्ये ब्राझीलमध्ये काही काळ राहिलेला फ्रेंच फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंद्रे तेवे याने आपल्या प्रवासग्रंथात या झाडाचे वर्णन केले असून त्याबरोबरच्या काष्ठमुद्रित चित्रात फळे उतरवणारे आणि त्यांचा रस काढणारे स्थानिक लोक दाखवले आहेत. युरोपीय वाचकाला काजूची पहिली ओळख झाली ती अशी, रसाच्या फळाच्या रूपात. तुपी लोक या रसाला आंबवून मद्य करीत, बी विस्तवात भाजून खात, आणि माणसाचे वय किती काजूंचे हंगाम पाहिले त्यावरून सांगत, असे त्या काळातील व त्यानंतरच्या युरोपीय लेखकांनी नोंदवले आहे. वर्षाचे माप ज्या फळाच्या पिकण्याने ठरते ते फळ त्या समाजाच्या जीवनात किती मध्यवर्ती असेल, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

पोर्तुगिजांनी हे झाड भारतात नेमके केव्हा आणले याचे उत्तर एखाद्या तारखेने देता येत नाही, परंतु काळाच्या दोन्ही कडा बऱ्याच घट्ट धरता येतात. १५३४ पासून गोव्यात राहिलेला वैद्य गार्सिया द ओर्ता याचा ‘कोलोकियुश’ हा भारतीय औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. आंबा, फणस, नारळ, सुपारी अशा असंख्य वनस्पतींची बारकाईने चौकशी करणाऱ्या या ग्रंथात काजू नाही. त्यात काजूच्याच कुळातल्या बिब्ब्यावर मात्र स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे अशा जातीच्या फळाकडे ओर्ताचे दुर्लक्ष झाले असे म्हणता येत नाही. काजू त्याच्या पाहण्यातच आला नसावा. पंधरा वर्षांनंतर, १५७८ मध्ये, क्रिस्तोव्हाँव द कोश्ता या दुसऱ्या वैद्याचा स्पॅनिश भाषेतील ग्रंथ बुर्गोस येथे प्रसिद्ध झाला. त्यात काजूचे फळ रुचकर आणि पोटाला हितकर असल्याचे सांगून, ते सर्वत्र होत नाही, कोचीच्या राज्यातील सांता क्रूझ नगरातील बागांमध्ये आढळते, असे म्हटले आहे. १५८३ नंतर काही वर्षे गोव्यात आर्चबिशपच्या पदरी असलेला डच प्रवासी यान हुयखेन फान लिन्सखोतेन यानेही या फळाची नोंद केली. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ या डच ग्रंथाचा १६८२ चा तिसरा खंड निघाला तेव्हा काजूला तेथे ‘कप्पमावु’, म्हणजे जहाजावरून आलेला आंबा, असे मल्याळी नावही मिळालेले होते.

काजूची लागवड पोर्तुगिजांनी किनाऱ्यावरील जमिनीची धूप थांबवण्यासाठी केली, असे विधान शेतीच्या पाठ्यपुस्तकांपासून पर्यटनाच्या पत्रकांपर्यंत सर्वत्र आढळते. ते इतक्या वेळा छापले गेले आहे की त्याला आधार विचारण्याची कोणाला आवश्यकता वाटत नाही. परंतु सोळाव्या शतकातील ज्या वर्णनांवर या काळाचा इतिहास उभा आहे, त्यांत काजू दिसतो तो बागेत, फळझाड म्हणून, आणि त्याची स्तुती होते ती त्याच्या चवीसाठी व गुणासाठी. पेरू, अननस, पपई यांच्या बरोबरीने आलेल्या फळझाडाला मृदसंधारणाचा हेतू चिकटवणे हे विसाव्या शतकातील शेतीखात्यांच्या दृष्टीने भूतकाळ पाहणे आहे. जांभ्या दगडाच्या निकृष्ट उतारांवर हे झाड निगराणीशिवाय तग धरते, त्याची मुळे माती धरून ठेवतात, हे खरे. पण झाडाचा परिणाम म्हणजे ते आणणाऱ्याचा हेतू नव्हे.

बागेतून डोंगरावर जाण्यासाठी काजूला मदतीचीही फारशी गरज पडली नाही. वटवाघुळे आणि माकडे बोंडे दूर नेऊन खातात आणि दाहक कवचाची बी टाकून देतात, ती पहिल्या पावसात रुजते. गुरे त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत. भाताची खाचरे आणि माडा-पोफळीची कुळागरे यांच्या वरच्या अंगाला असलेली जी जमीन कोकणच्या महसुली भाषेत वरकस म्हणून ओळखली जाते, म्हणजे जी नांगराखाली नियमित येत नाही, जेथे गवत, नाचणी, वरी आणि कवळतोड यांपलीकडे काही निघत नाही, ती काजूने व्यापली. सत्तरी, पेडणे, डिचोली, दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले या पट्ट्यात तो इतका रानटी झाला की परदेशी झाड म्हणून त्याची आठवणही उरली नाही. गोव्यात हे डोंगर बऱ्याच ठिकाणी गावकरी संस्थांच्या मालकीचे होते; गावच्या मूळ कुळांच्या या सामाईक संस्थांना पोर्तुगीज कागदपत्रांत कोमुनिदाद म्हटले आहे. अशा जमिनीवर झाड कोणाचे यापेक्षा त्या वर्षीचे फळ कोणाचे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरत असे, आणि त्यामुळे काजूच्या संदर्भातील हक्कही हंगामापुरते, लिलावाने वा मक्त्याने दिले जाऊ लागले.

नवे झाड स्वीकारणाऱ्या समाजाजवळ त्याच्याशी वागण्याचे ज्ञान आधीपासून होते, ही बाब बहुधा उल्लेखाविना राहते. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना वाढणारा बिब्बा हा काजूच्याच, म्हणजे आंब्याच्या कुळातला. त्याचीही रचना तशीच : वर फुगलेला, नारिंगी, खाण्याजोगा देठ आणि खाली काळी, कातडी जाळणाऱ्या तेलाची बी. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत भल्लातक या नावाने त्याचे औषधी उपयोग आणि त्याने होणारा दाह, दोन्ही सांगितलेले आहेत. धोबी कपड्यांवर खुणा करण्यासाठी त्याचेच तेल वापरीत आले. आणि ते तेल जाळून वा टाळून आतला गर काढण्याची युक्तीही लोकांना ठाऊक होती. हा गर गोडंबी या नावाने बाळंतिणीच्या लाडवांत आजही पडतो. काजूची बी विस्तवात टाकली की तिचे तेल पेट घेते, कवच कोळशासारखे ठिसूळ होते आणि ठेचल्यावर गर सुटतो, हे शोधून काढायला कोकणातील माणसाला ब्राझीलची शिकवण लागली नसावी. युरोपीय वनस्पतिशास्त्रानेही हेच साम्य ओळखले. औषधविक्रेत्यांमध्ये बिब्ब्यासाठी रूढ असलेले ‘अनाकार्डियम’ हे नाव लिनियसने १७५३ मध्ये काजूच्या प्रजातीला दिले आणि त्याला ‘पश्चिमेकडचा’ असे विशेषण जोडले. प्राचीन संहितांत नसलेला काजू उत्तरकालीन निघंटूंत ‘काजूतक’ अशा नावाने दाखल झाला, तोही याच नात्याच्या आधाराने.

असेच आयते ज्ञान बोंडाच्या रसाच्या बाबतीतही उपयोगी पडले. गोव्यात माडाची सूर, म्हणजे माडाच्या पोयीतून ठिबकणारा गोड रस, काढणारे रेंदेर आणि त्या सुरेपासून मद्य गाळण्याच्या भाट्या या पोर्तुगीज काळाच्या आरंभी अस्तित्वात होत्या. लिन्सखोतेनने माडाच्या मद्याचे वर्णन केलेलेच आहे. आंबवणे आणि ऊर्ध्वपातन, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ थंड करून पुन्हा द्रवरूपात आणणे, ही तंत्रे तयार होती, त्यांत फक्त कच्चा माल बदलला. मात्र या बदलाने एक मोठा फरक केला. माड वर्षभर रस देतो, बोंडू फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंतच. त्यामुळे काजूचे मद्य हा व्यवसाय न राहता सुगी झाला, आणि भातशेतीची कामे नसलेल्या नेमक्या त्या उन्हाळी महिन्यांत डोंगराकाठच्या कुटुंबांना हाताला काम आणि गाठीला पैसा देऊ लागला.

या सुगीची रीत तपशिलाने पाहण्याजोगी आहे. बोंडू झाडावरून तोडायचा नसतो. पूर्ण पिकून आपोआप गळालेलाच घ्यायचा, कारण कच्च्या फळाचा तुरटपणा मद्यात उतरतो. सकाळी पाला-पाचोळ्यात पडलेली बोंडे टोकाला खिळा बसवलेल्या काठीने टोचून उचलतात, पिळा देऊन बी वेगळी करतात आणि फळे कोळमीत टाकतात. कोळमी म्हणजे कातळात, बहुधा त्या डोंगरावरच्याच जांभ्या खडकात, खोदलेला उथळ हौद. त्यात ही फळे पायांनी तुडवली जातात आणि रस पन्हळीवाटे खालच्या भांड्यात उतरतो. उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून त्याला रानवेलीने वेढे देतात व वर जड दगड ठेवतात, तेव्हा रात्रभरात जो स्वच्छ, हलका रस ठिबकतो तो नीरो. तो सकाळी ताजाच प्यायचा, कारण दुपारपर्यंत तो आंबू लागतो. पहिला रस मातीच्या मोठ्या भांड्यांत भरून त्यांना जमिनीत अर्धवट पुरून ठेवतात. बाहेरून कोणतेही किण्व न घालता फळावरील नैसर्गिक किण्वांनीच तो सुमारे तीन दिवसांत आंबतो. मग तो भाण या मडक्यात, पुढील काळात तांब्याच्या भांड्यात, चुलीवर चढतो आणि वाफ नळीने लावणी नावाच्या दुसऱ्या मडक्यात जाते, ज्यावर सतत थंड पाणी ओतले जाते. पहिल्या गाळणीत मिळतो तो हुर्राक, सौम्य आणि फळाचा वास राखणारा. तो टिकत नाही, त्यामुळे त्याचे पिणे हंगामापुरतेच. हुर्राकात पुन्हा ताजा आंबलेला रस मिसळून गाळल्यावर तीव्र फेणी होते. तिची ताकद मोजण्याचे ‘ग्राव’ हे पोर्तुगीज माप अजूनही भाटीवर बोलले जाते, आणि तिला बरणीत वर्षानुवर्षे ठेवता येते.

हुर्राक आणि फेणी यांतील हा फरक हंगामी शेतमालाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखा आहे. फेणी हा हंगाम साठवून ठेवण्याचा उपाय होता, हुर्राक मात्र हंगामच. फेणी सरदी-पडशाला, पोटदुखीला, अंग चोळायला घराघरात राखून ठेवली जाई आणि पाहुण्यासाठी बाहेर निघे. हुर्राकाला अशी प्रतिष्ठा नव्हती. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात तो गावातल्या तावेर्नमध्ये, म्हणजे छोट्या गुत्त्यात, मिळे आणि मेअखेरीस संपे. आज पणजीच्या उपाहारगृहांत त्याला जी मागणी दिसते, ती त्याच्या या न टिकण्यामुळेच आहे.

जेथे मद्य तेथे राज्यसंस्थेचे लक्ष जाणार हे ठरलेलेच. १८७८ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगाल यांच्यात झालेल्या करारात रेल्वे आणि मीठ यांच्याबरोबर अबकारीचाही विषय होता, कारण गोव्यातील स्वस्त मद्य सीमेपलीकडे जाऊ नये अशी मुंबई सरकारची इच्छा होती. हा करार १८९२ मध्ये संपला, पण सीमेचा प्रश्न संपला नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला, तेव्हा तेरेखोल नदीच्या एका काठावर जी सुगी होती ती दुसऱ्या काठावर गुन्हा झाली. पुढे महाराष्ट्रात निर्बंध सैल झाले आणि देशी मद्याला परवाने मिळाले, तरी ते उसाच्या मळीवर चालणाऱ्या कारखान्यांच्या मोजमापाचे होते. झाडाखाली बोंडू तुडवणाऱ्या शेतकऱ्याला त्यांत जागा नव्हती. गोव्यात याउलट अबकारी खाते हंगामाआधी काजूच्या क्षेत्रांचा लिलाव करून रस गाळण्याचा हक्क देत राहिले. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित मालाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, प्राप्त झाले आणि २०१६ मध्ये गोवा शासनाने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने काजूबोंडे आणि मोहफुले यांच्यापासून बनवलेल्या मद्याला देशीऐवजी विदेशी मद्याच्या वर्गात घालण्याचा निर्णय घेतला. एकाच भाषिक आणि भौगोलिक पट्ट्यातील एकाच फळाचे भवितव्य कायद्याच्या रेषेने असे दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी ठरवले, आणि त्याचा परिणाम असा की सिंधुदुर्गात बीच्या तुलनेत कितीतरी पट वजनाचा बोंडू आजही बव्हंशी झाडाखाली कुजतो.

दक्षिण कोकणच्या घरगुती जीवनात हंगामाचे दुसरे टोक ओल्या काजूचे. कवच कठीण होण्यापूर्वी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, हिरव्या बिया काढून सुरीने उभ्या चिरतात आणि आतला कवळा, दुधाळ गर वेगळा करतात. चिकाने बोटे काळी पडतात, सोलतात. त्यासाठी राख किंवा खोबरेल लावून बसायची रीत आहे. सावंतवाडी, मालवण, म्हापसा येथील बाजारांत हे गर वजनावर न विकता शेकड्यावर विकण्याची पद्धत चालत आली, कारण मोल गराचे असले तरी श्रम प्रत्येक बीमागे मोजायचे होते. ओल्या खोबऱ्याच्या वाटपात शिजवलेली काजूची उसळ, गोव्यातील सारस्वतांचे तोंडाक, यांत काजू हा मेवा नसून कडधान्याच्या जागी असलेली भाजी आहे, आणि त्याच्या स्वयंपाकातील मूळ स्थानाची ही साक्ष मानायला हरकत नाही. हंगाम उतरला की सुक्या बिया उन्हात वाळवून ठेवल्या जात. पावसापूर्वीच्या साठवणीला, म्हणजे आगोटीला, त्यांची भर पडे आणि भाजी-मासळी दुर्मीळ झालेल्या आषाढ-श्रावणात त्या सोलून व भिजवून पुन्हा उसळीत येत. बी त्या काळात चलनाचेही काम करी. पोरे झाडाखालून वेचलेल्या बियांनी डाव मांडीत आणि जिंकलेल्या बिया वाण्याकडे देऊन खाऊ घेत, तर मोठी माणसे त्याच बियांवर मीठ-मिरची आणीत. वाण्याकडे साठलेला हा माल पुढे कोठे जातो याच्याशी गावाचा फारसा संबंध नव्हता.

तो दक्षिणेकडे जात होता. विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात कोल्लम आणि मंगळूर येथे काजूगर काढून अमेरिकेला पाठवण्याचा उद्योग उभा राहिला. गर किडतो आणि खवट होतो, ही त्यातली मुख्य अडचण होती. हवा काढून कार्बन डायऑक्साइड वायू भरलेल्या पत्र्याच्या डब्यांनी ती सोडवली, आणि एका अर्थाने काजूचा हंगाम त्या डब्यात संपला, कारण लांबच्या समुद्रप्रवासानंतरही गर जसाच्या तसा निघू लागला. डब्यात २५ पौंड गर मावत. एका पौंडात किती गर बसतात त्यावरून प्रत ठरे, आणि ‘डब्ल्यू ३२०’ सारखी जी प्रतवारी आज वाशीच्या घाऊक बाजारातही बोलली जाते, ती त्याच पौंडी हिशेबातून आलेली आहे. कारखान्यांत भाजणे, फोडणे, साल काढणे आणि प्रतवारी ही कामे जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांच्या हातची होती. कवचातील तेल, जे आतापर्यंत होड्यांच्या लाकडाला चोळण्यापुरते उपयोगी होते, त्यालाही रंग, राळ आणि मोटारींच्या ब्रेकचे अस्तर बनवणाऱ्या कारखान्यांकडून स्वतंत्र मागणी निर्माण झाली.

भारतीय झाडांचे पीक या कारखान्यांना पुरेना, त्यामुळे पूर्व आफ्रिकेतून, मुख्यतः मोझांबिक आणि टांगानिका येथून, कच्ची बी येऊ लागली. मोझांबिकमध्येही काजू पोर्तुगिजांनीच नेलेला होता. ब्राझीलच्या झाडाची आफ्रिकेतील बी भारतात फुटून अमेरिकेत खाल्ली जावी, हा प्रवास वसाहतकालीन व्यापाराचा नमुना आहे. उत्तर गोलार्धातील सुगी संपल्यावर दक्षिणेकडील बी पिकत असल्यामुळे कारखाना वर्षातील अधिक काळ चालवता आला, आणि डब्याने ग्राहकापुरता मिटवलेला ऋतू या आयातीने कारखान्यापुरताही मिटवला. १९५५ मध्ये काजू निर्यात प्रोत्साहन परिषद स्थापन झाली तेव्हा काजू हा परकीय चलन देणारा माल म्हणून शासनाच्या डोळ्यांपुढे होता.

महाराष्ट्राने काजूकडे पीक म्हणून पाहिले ते यानंतर, आणि त्यात वेंगुर्ले येथे १९५७ मध्ये सुरू झालेल्या फळ संशोधन केंद्राचा वाटा सर्वांत मोठा आहे. पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली आलेल्या या केंद्राने प्रथम परिसरातील रानटी झाडांमधून निवड केली. १९७४ मध्ये प्रसारित झालेली ‘वेंगुर्ला १’ ही जात वेंगुर्ल्याजवळच्या अणसूर येथील झाडापासून घेतलेली होती. १९८१ च्या ‘वेंगुर्ला ४’ मध्ये मिदनापूरकडील लाल जात आणि जवळच्याच वेतोरे गावचे झाड यांचा संकर आहे, तर १९९७ ची ‘वेंगुर्ला ७’ तिच्या टपोऱ्या, सुमारे १० ग्रॅम वजनाच्या बीमुळे बागायतदारांत मोठ्या प्रमाणावर पसरली. बियांपासून लावलेले झाड आईसारखे निघत नाही, त्यामुळे या जातींचा प्रसार कलमांशिवाय अशक्य होता. कोवळ्या फांदीवर कलम बांधण्याची पद्धत बसल्यावर रोपवाटिका उभ्या राहिल्या. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग कार्यक्रमात लागवडीचा खर्च शासनाने उचलला, तेव्हा वरकस जमिनीवरचे रान सरळ ओळींच्या बागांत बदलले आणि काजू घाटमाथ्यावर चंदगड, आजऱ्यापर्यंत चढला. गोव्यातही बाळ्ळी येथील निवडीतून तेथील हवामानाची जात तयार झाली.

या निवडीचे निकष मात्र विचारात घेण्यासारखे आहेत. जातीची पारख बीचे वजन, कवच वगळता गराचे शेकडा प्रमाण, घोसातील बियांची संख्या आणि झाडामागे उत्पन्न यांवर झाली. बोंडाचा रस, गोडी वा तुरटपणा यांना त्यात दुय्यम स्थान राहिले. संशोधनसंस्थेला दोष देण्याचे कारण नाही, कारण तिच्यापुढे जो शेतकरी होता त्याला भाव फक्त बीचा मिळत होता आणि बोंडाला कायद्याने गिऱ्हाईकच नव्हते. पण याचा परिणाम असा झाला की कलमी बागेत बोंडू हा बीच्या मागे येणारा कचरा ठरला, ढेकण्यासारख्या किडीच्या बंदोबस्ताला फवारे आवश्यक झाले, आणि फवारलेल्या झाडाचा बोंडू रसासाठी वापरण्यास भाटीवाले कचरू लागले. सत्तरी आणि काणकोणात मद्यासाठी अजूनही जुन्या, बीपासून उगवलेल्या, न फवारलेल्या डोंगरी झाडांना प्राधान्य मिळते. त्यांची बी लहान असते आणि गराच्या प्रतवारीत ती मागे पडतात.

दरम्यान जागतिक बाजार भारताच्या हातून निसटला. यंत्राने फोडणी करणारा व्हिएतनाम निर्यातीत पुढे गेला, आणि आयव्हरी कोस्टसारखे पश्चिम आफ्रिकेतील देश कच्च्या बीचे मोठे उत्पादक झाले. सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील लहान कारखाने, ज्यांत वाफेवर बी शिजवून पायाने चालणाऱ्या यंत्रावर ती कापली जाते, आता आफ्रिकी बीच्या दराशी बांधले गेलेले आहेत; मार्चमध्ये वेंगुर्ल्याच्या शेतकऱ्याला मिळणारा भाव आयव्हरी कोस्टच्या अबिजानमधील दरावर हलतो. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन मिळाले, पण पाकिटातला गर कोठून आला हे चवीवरून ओळखणारा ग्राहक विरळा.

गोवा वन विकास महामंडळाने एप्रिल २०२३ मध्ये पणजीत काजू महोत्सव भरवला. गराची विक्री वर्षातल्या कोणत्याही महिन्यात, विशेषतः दिवाळीच्या तोंडावर, अधिक फायद्याने करता आली असती. महोत्सव हंगामातच भरवावा लागला, कारण नीरो आणि हुर्राक हंगामाबाहेर मिळाले नसते.